वाचक विचारतात : एकसष्टावा सेकंद

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की जगाच्या घड्याळात शेवटचा लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला घालतात तो जादा सेकंद, ३१ डिसेंबर २०१६ ला घातला आणि त्यानंतर एकही घालावा लागलेला नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हे सदर या वेळी त्यांनाच द्यायचं ठरवलं. मला याचा फार आनंद झाला. नोकरीची बावीस वर्षं मी एका रेडिओ दुर्बिणीच्या वेळकक्षात काढली. कपाटाएवढं हायड्रोजन मेसर, म्हणजे एक प्रकारचं अणुघड्याळ, त्याच्या खोलीचं तापमान आणि वहीत ठरलेल्या वेळी लिहायचे आकडे, एवढंच माझं जग होतं. त्या जगाबद्दल कुणी आपणहून विचारेल असं वाटलं नव्हतं.

मी दहावीत आहे. ‘पृथ्वी मंदावते म्हणून दर दीड-दोन वर्षांनी घड्याळात एक सेकंद वाढवतात’ असं मी वाचलं. म्हणजे पृथ्वी दर दीड वर्षाला एक सेकंद हळू होते का? मग ती थांबणार कधी? बाबा म्हणतात काळजी करू नकोस, पण कारण सांगत नाहीत.

तुझं पत्र सगळ्यांत वर ठेवलं, कारण तू ज्या जागी अडलीस तिथे शिकलेली मोठी माणसंही अडतात. मी स्वतः नोकरीला लागले तेव्हा पहिले काही आठवडे हेच चुकीचं समजत होते.

असं समज, की तुझं मनगटी घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतं. महिन्याने ते एक मिनिट मागे असेल. तू काटा एक मिनिट पुढे सरकवलास. आता ‘घड्याळ महिन्यात एका मिनिटाने हळू झालं’ असं तू म्हणशील का? नाही. पहिल्या दिवशी ते जेवढं हळू होतं तेवढंच शेवटच्या दिवशीही आहे. दोन-दोन सेकंद साठत गेले आणि त्यांचं मिनिट झालं. थेंबे थेंबे तळे साचे, तसं.

पृथ्वीचंही तेच. लीप सेकंदाची पद्धत १९७२ साली सुरू झाली, तेव्हा पृथ्वीचा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा साधारण तीन मिलिसेकंदांनी (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) मोठा होता. तीन मिलिसेकंद गुणिले ३६५ करून पाहा : एक सेकंदाच्या थोडं वर येतं. म्हणून त्या काळात जवळजवळ दरवर्षी एक सेकंद घालावा लागे. १९७२ मध्ये तर दोन घातले, ३० जूनला आणि ३१ डिसेंबरला. आजवर असे २७ झाले. पण त्याचा अर्थ आजचा दिवस १९७२ पेक्षा २७ सेकंदांनी मोठा झाला असा नाही. पृथ्वी त्यानंतर जराही मंदावली नसती, त्याच वेगाने फिरत राहिली असती, तरी ते सेकंद घालावेच लागले असते.

मग तू विचारशील, दिवसात ८६,४०० सेकंद असतात असं पुस्तकात छापलंय, तर १९७२ चा दिवस मोठा कसा? कारण तो सेकंद जुन्या पृथ्वीच्या मापाचा आहे. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूर्याच्या गतीची कोष्टकं तयार केली, ती १७५० पासूनच्या निरीक्षणांवरून. विसाव्या शतकात सेकंदाची व्याख्या त्या कोष्टकांवर बेतली. १९५५ साली लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिझियम या धातूच्या अणूंवर चालणारं घड्याळ चालवून दाखवलं, आणि पुढे तोच सेकंद सिझियमच्या कंपनांत मोजून घेतला : ९,१९२,६३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. १९६७ मध्ये तो अधिकृत झाला. या सगळ्या साखळीमुळे आपल्या हातातला अत्याधुनिक अणुसेकंद साधारण १८२० सालच्या दिवसाला बरोबर बसतो. लहानपणी मापं घेऊन शिवलेला सदरा मोठेपणी आखूड व्हावा, तसं झालं आहे.

खरं मंदावणं वेगळं आणि फारच सावकाश आहे : शंभर वर्षांत दिवस सुमारे १.७ मिलिसेकंदांनी लांबतो. या गतीने दिवस एक पूर्ण सेकंद मोठा व्हायला जवळपास साठ हजार वर्षं लागतील. पृथ्वी थांबण्याच्या कितीतरी आधी सूर्याचंच आयुष्य संपेल. तेव्हा बाबांचं म्हणणं बरोबर आहे, आणि आता कारण तू त्यांना सांग.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. शतकाला दीड-दोन मिलिसेकंद हा आकडा मी अनेकदा वाचला आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी मिलिसेकंद मोजणारं घड्याळ कुणाकडे होतं? पुराव्याविना आकडा आमच्या विषयात चालत नाही.

सर, तुमच्या विषयानेच हा पुरावा दिला आहे. बॅबिलॉनच्या ज्योतिर्विदांनी मातीच्या पाट्यांवर आकाशाची रोजनिशी लिहून ठेवली. इ.स.पू. १३६ मध्ये, जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेने १५ एप्रिलला, तिथे खग्रास सूर्यग्रहण झालं. सूर्योदयानंतर सुमारे दीड तासाने ते सुरू झालं. शुक्र, बुध आणि तारे दिसले. एरवी सूर्याच्या तेजात लपलेले गुरू आणि मंगळही दिसले, असं त्या नोंदींत आहे. म्हणजे ग्रहण खग्रास होतं यात शंका नाही, आणि खग्रास ग्रहणाची सावली जमिनीच्या अरुंद पट्ट्यावरूनच जाते.

आता चंद्र-सूर्याच्या गती आपल्याला नीट ठाऊक आहेत. त्यांवरून मागे हिशेब केला आणि दिवस कायम ८६,४०० सेकंदांचाच होता असं धरलं, तर ती सावली बॅबिलॉनवर पडतच नाही. ती सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाकडे पडते. पृथ्वी ४९ अंश फिरायला सव्वातीन तास लागतात. एवढं अंतर कुठून आलं?

कागद घेऊन बसा. इ.स.पू. १३६ ते १८२० ही सुमारे १९५५ वर्षं. तेव्हाचा दिवस १८२० च्या दिवसापेक्षा ३३ मिलिसेकंदांनी लहान होता असं समजू (१.७ गुणिले साडेएकोणीस शतकं). मधल्या सगळ्या दिवसांची सरासरी तूट त्याच्या निम्मी, साडेसोळा मिलिसेकंद. दिवस झाले सुमारे सात लाख चौदा हजार. गुणाकार करा : ११,८०० सेकंदांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन तास. मी हा हिशेब पहिल्यांदा हाताने केला त्या दिवशी दुपारचं जेवण विसरले होते. मिलिसेकंद मोजायला बॅबिलॉनच्या त्या माणसाकडे घड्याळ नव्हतं, पण त्याने दिवस आणि जागा खरी लिहिली, आणि बाकीचं काम दोन हजार वर्षांच्या बेरजेने केलं.

याहून जुना साक्षीदार प्रवाळ आहे. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोज एक सूक्ष्म रेघ वाढते आणि त्यांत वर्षाचे पट्टेही दिसतात. जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातल्या, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवर या रेघा मोजल्या. एका वर्षात सुमारे ४०० भरल्या. वर्षाची लांबी तेवढीच, दिवस ४००. म्हणजे तेव्हाचा दिवस बावीस तासांचा.

कारण चंद्र. भरतीचा फुगवटा फिरत्या पृथ्वीबरोबर चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्र त्याला मागे खेचतो. पाणी उथळ समुद्रांच्या तळाला घासतं, पृथ्वीला लगाम बसतो. पृथ्वीने गमावलेली गती चंद्राला मिळते आणि तो दूर जातो. चंद्रावर अपोलोच्या यात्रींनी ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे अंतर मोजतात : वर्षाला ३.८ सेंटिमीटर. एकट्या भरतीच्या हिशेबाने दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. प्रत्यक्षात तो कमी लांबतो, कारण हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली ध्रुवांकडची जमीन अजून हळूहळू वर येत आहे आणि पृथ्वी थोडी अधिक गोल होत आहे.

एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. आमचे जुने सहकारी लीप सेकंदाचं नाव काढलं तरी घाबरतात. एका सेकंदाने एवढं काय होतं? तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिला आहे का?

पाहिला आहे, पाच वेळा. आमच्या खोलीतलं लाल अंकांचं घड्याळ कायम यूटीसीवर, म्हणजे जागतिक समन्वित वेळेवर चाले. त्यावर २३:५९:५९ नंतर २३:५९:६० उमटतं, आणि मग ००:००:००. एक मिनिट एकसष्ट सेकंदांचं. दर वेळी मी श्वास रोखून उभी असे.

संगणकाची अडचण ही, की त्याला ६० हा सेकंद ठाऊकच नाही. बहुतेक यंत्रणा प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा धरून चालतात, म्हणून जादा सेकंद आला की त्या आधीचा सेकंद पुन्हा मोजतात. वेळ क्षणभर मागे जाते. कुठली नोंद आधीची आणि कुठली नंतरची यावरच ज्यांचं काम चालतं त्यांच्यासाठी हे वाईट आहे.

३० जून २०१२ ची रात्र मी विसरणार नाही. निरीक्षण आम्ही मुद्दाम थांबवलं होतं. सेकंद सुरळीत गेला, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि तेवढ्यात नोंद घेणाऱ्या दोन संगणकांचे पंखे एकदम भणभणायला लागले. दोन्ही शंभर टक्के भारावर. कारण दोन दिवसांनी कळलं. संगणकाच्या आत दोन घड्याळं असतात : एक आपल्याला दाखवायचं आणि एक प्रोग्रॅमना झोपवायचं-उठवायचं. पहिल्याने सेकंद मागे घेतला, दुसऱ्याला कुणी सांगितलंच नाही. ते एक सेकंद पुढे राहिलं. आता ‘मला अर्ध्या सेकंदाने उठव’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमची वेळ त्याच्या लेखी होऊन गेलेली. तो लगेच उठे, काम नाही म्हणून झोपे, लगेच उठे. सेकंदाला हजारो वेळा. त्या रात्री जगभर अनेक मोठ्या यंत्रणा याच कारणाने लटकल्या. उपाय फार साधा निघाला : संगणकाला आत्ताचीच वेळ पुन्हा एकदा ‘लाव’ म्हणून सांगायचं. दोन्ही घड्याळं जुळतात, पंखे शांत.

तेव्हापासून मी एक गोष्ट प्रत्येकाला सांगते. जी दुरुस्ती वर्षानुवर्षांत एकदाच चालते, तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम कधी नीट तपासला जात नाही. रोज चालणारी गोष्ट चुकली तर दुपारपर्यंत कळतं.

गूगलने २००८ पासून वेगळी वाट धरली : जादा सेकंद एकदम घालायचा नाही, अनेक तासांत वाटून टाकायचा. चोवीस तासांत वाटला तर प्रत्येक सेकंद लाखात एक भागाहून किंचित जास्त लांबतो आणि कुणाला कळत नाही. उपाय छान आहे, पण एकाने वाटायचा आणि दुसऱ्याने एकदम घालायचा असं झालं, तर त्या दिवशी दोघांची घड्याळं अर्ध्या सेकंदापर्यंत वेगळी पडतात. तेव्हा पुढे कधी वेळ आली, तर तुमचे सगळे सर्व्हर एकाच प्रकारच्या वेळस्रोतावर आहेत ना, एवढं आधी पाहा. मिश्रण करू नका.

माझ्या जीपीएस उपकरणावर सुरू केल्याबरोबर वेळ १८ सेकंद पुढे दिसते, नंतर आपोआप बरोबर होते. उपकरण बिघडलं आहे का?

नाही. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० ला यूटीसीशी जुळवून सोडली, आणि तिच्यात लीप सेकंद घालतच नाहीत. तेव्हापासून जगाच्या वेळेत १८ सेकंद घातले गेले, म्हणून तेवढा फरक. तो किती हे उपग्रह स्वतःच सांगतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर धीर धरा.

२०३५ पर्यंत लीप सेकंद बंद होणार असं ऐकलं. मला हे पटत नाही. घड्याळ सूर्यासाठी आहे, संगणकांसाठी नाही. शंभर-दोनशे वर्षांनी दुपारी बारा वाजता अंधार पडणार का? तुमचं खरं मत लिहा.

तुमच्या पत्रातली कळकळ मला समजते, कारण मीही अनेक वर्षं तुमच्याच बाजूने भांडले. वेळ आकाशातून आली आहे, तिची नाळ तोडू नये, असं मला वाटे. आज माझं मत बदललं आहे. का ते सांगते.

अंधाराचं आधी. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ आणि घड्याळातले बारा यांत आजही मोठा फरक आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सोळा मिनिटं आधी येतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा. शिवाय प्रमाणवेळेच्या रेषेपासून एक अंश दूर गेलात की चार मिनिटांचा फरक. लीप सेकंद अजिबात घातले नाहीत तर शंभर वर्षांत ढोबळमानाने एक-दोन मिनिटं साठतील. सूर्याला आपण याहून कितीतरी जास्त मिनिटं आधीच सोडून दिली आहेत.

निर्णय काय झाला तेही नीट पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं, की पृथ्वीची वेळ आणि अणुवेळ यांत आज जास्तीत जास्त ०.९ सेकंदांचा फरक चालतो, ती मर्यादा २०३५ पर्यंत वाढवायची. नाळ तोडलेली नाही, दोर लांब केला आहे.

आणि घाई का, तर पृथ्वीने वेगळंच वळण घेतलं. सरासरीच्या हिशेबाने आज दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा साडेतीन मिलिसेकंदांनी मोठा असायला हवा होता. तसा तो नाही. अलीकडच्या वर्षांत तो जवळजवळ ८६,४०० वर येऊन ठेपला आहे, आणि कित्येक दिवस त्याहून लहान भरले. ५ जुलै २०२४ चा दिवस १.६६ मिलिसेकंदांनी लहान होता. चंद्राचा लगाम तसाच आहे, पण पृथ्वीच्या पोटातला द्रवरूप लोखंडाचा गाभा आणि वरचं कवच एकमेकांना गती देत-घेत असतात. वारे ऋतूंप्रमाणे मिलिसेकंदाच्या आसपास फरक पाडतात. दुसरीकडे ध्रुवांवरचं बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतं आहे. फिरत्या खुर्चीत बसून हात पसरले की खुर्ची हळू होते, तसं ते पृथ्वीला मंद करतं. भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन ॲग्न्यू यांनी मार्च २०२४ मध्ये हिशेब मांडला, की हे बर्फ वितळलं नसतं तर २०२६ च्या सुमारास घड्याळातून एक सेकंद काढावा लागला असता. आता ती वेळ २०२९ च्या आसपास येऊ शकेल. वितळणाऱ्या बर्फाची खूण घड्याळात दिसावी, हे वाचून मी किती तरी वेळ सुन्न बसले होते.

सेकंद काढणं म्हणजे २३:५९:५८ नंतर थेट ००:००:००. हे आजवर एकदाही झालेलं नाही. सत्तावीस वेळा घातलेल्या सेकंदाने जो गोंधळ केला तो मी डोळ्यांनी पाहिला. कधीच न तपासलेली उलटी दुरुस्ती रुग्णालयांच्या, विमानांच्या, वीजजाळ्याच्या संगणकांवर एका रात्रीत चालवावी, हे मला नको वाटतं. म्हणून मी बदलले.

एका गोष्टीवर मात्र मी हटणार नाही. मोजणं थांबता कामा नये. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणी एकाच क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या एका तेजस्वी दीर्घिकेच्या गाभ्याचे, संकेत टिपतात, आणि ते दोघींकडे पोहोचण्यातल्या फरकावरून पृथ्वी नेमकी किती फिरली हे काही दशलक्षांश सेकंदांपर्यंत कळतं. रोज एक तासाचं असं निरीक्षण चालतं. माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला भाग तो तास होता. उपग्रहांची कक्षा, अवकाशयानांची वाट, दुर्बिणींचा रोख, सगळ्यांना तो आकडा लागतो. लीप सेकंद आहे तोवर त्या आकड्याकडे निदान वर्षातून दोनदा जगाचं लक्ष जातं. तो गेला की ‘आता याची गरज काय’ म्हणून कुणी खर्च कापू नये, एवढीच माझी भीती आहे.

यातलं काही घरच्या घरी, साध्या साधनांनी पाहता येईल का?

येईल, आणि जरूर करा. मिलिसेकंद दिसणार नाहीत, पण पृथ्वीची एक फेरी सेकंदापर्यंत मोजता येईल. उंच भिंतीची किंवा छपराची उभी, स्वच्छ कडा शोधा. समोर एका फळीला छोटं भोक पाडून ती पक्की बसवा, म्हणजे डोळा रोज त्याच जागी येईल. डोक्यावरून पूर्व-पश्चिम जाणारा एखादा ठळक तारा निवडा, ग्रह नको. तो कडेआड जातो तो क्षण फोनच्या घड्याळावर टिपा. ताऱ्याला रुंदी नसते, तो एकदम विझल्यासारखा जातो. दुसऱ्या रात्री तोच तारा ३ मिनिटं ५६ सेकंद आधी जाईल, कारण ताऱ्यांच्या मानाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची आहे. दहा रात्रींनी फरक ३९ मिनिटं १९ सेकंद यायला हवा. ढग आले तर मधल्या रात्री सोडा, पहिली आणि शेवटची पुरते. फळी मात्र हलू देऊ नका. केसभर हलली तरी काही सेकंद जातात. माझ्या पहिल्या प्रयत्नात अकरा गेले होते. तुमचे आकडे तारखांसह पाठवा, मी हाताने तपासून उत्तर लिहीन.